टायर शाईन : दुधाळ, जेल का कोटिंग? नाशकात काय घ्यावं

पाऊस ओसरायला लागला की ओळखीतल्या चार जणांचा तोच प्रश्न येतो, भाऊ टायरला कायतरी लाँग लास्टिंग सांग ना, दर रविवारी फासत बसायचा कंटाळा आलाय. पुढं दसरा असतो, गाडी धुवायची, पूजा करायची, झेंडूचा हार घालायचा, आणि एवढं सगळं करून टायर मात्र तपकिरी राखाडी. मग माणूस दुकानात जातो आणि तिथं शे-दोनशेच्या स्प्रेपासून हजारांच्या कोटिंगपर्यंत सगळं एकाच फळीवर मांडलेलं असतं, सगळ्यांवर लाँग लास्टिंगच लिहिलेलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाई असेल तर इथंच थांबता येईल. गाडी रोज उघड्यावर, मातीत असेल तर पाण्यात पातळ करायचं दुधाळ ड्रेसिंग (म्हणजे टायर काळा दिसावा म्हणून वरून फासायचा माल) घ्या. गाडी शहरातल्या शहरात आणि शेडमध्ये असेल आणि तुम्हाला एकदा बसून मेहनत घ्यायची हौस असेल तरच कोटिंग. जेल या दोघांच्या मधलं आहे, लग्नसराईला किंवा गाडी विकायला काढताना फोटोपुरतं भारी. आता असं का म्हणतोय ते बघू.

आधी तो वॉशिंग सेंटरचा डबा निकालात काढू. फोम वॉश झाला की शेवटी पोरगा एका डब्यात ब्रश बुडवून चारी टायरला फासतो ना, त्यात काय आहे हे एकदा विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी ग्लिसरीन आणि पाणी असतं, काही ठिकाणी चक्क डिझेल नाहीतर जुनं ऑइल. ग्लिसरीनचं काही नुकसान नाही पण ते पाण्यात विरघळतं, म्हणजे एक सर आली की वाहून गेलं, आणि तोपर्यंत चिकट असल्यामुळं धूळ ओढून घेतं ते वेगळंच. डिझेल आणि ऑइलला मात्र सरळ नाही म्हणायचं, रबर ते शोषून फुगतं आणि मऊ पडतं, आणि टायरच्या आत कंपनीने घातलेलं संरक्षक मेण-केमिकल पण धुऊन निघतं. मागं एका सेंटरवाल्याने मला सांगितलेलं की साहेब डिझेलने टायर काळाभोर होतो, होतो ना, दोन दिवस होतो.

आता दुधाळ वाली. बाटलीत पांढरं दुधासारखं पाणी असतं, म्हणजे सिलिकॉन ऑइलचे बारीक थेंब पाण्यात फेटलेले. पाणी उडून जातं आणि सिलिकॉनचा पातळ थर मागं राहतो. वास नाही, हाताला फार चिकट नाही, आणि चकाकी आरशासारखी येत नाही तर नवीन टायर शोरूममध्ये दिसतो तसा गडद काळा मॅट लूक येतो, मला वैयक्तिक हाच आवडतो. मॅग्वायर्सचं हायपर ड्रेसिंग आणि कारप्रोचं पर्ल ही यातली डिटेलिंगवाल्यांची, म्हणजे गाडी बारकाईने साफ करून चकाचक करून देणाऱ्यांची, आवडती नावं. दोन्ही पाण्यात पातळ करून वापरायची आणि खरा फायदा इथंच आहे, कारण एकास एक केलं तर जास्त चमक, एकास तीन केलं तर साधा काळा रंग. हिशोब करा, अर्ध्या लिटरची बाटली एकास तीन केली की दोन लिटर माल झाला आणि चार टायरला एका वेळी चहाचा अर्धा कप पण लागत नाही. उरलेलं डॅशबोर्डला, दाराच्या रबराला, बंपरच्या काळ्या प्लास्टिकला चालतं. तोटा एकच, टिकाव कमी. कोरड्या दिवसांत आठवडा, फार तर दोन आठवडे, आणि जोराच्या पावसात एक-दोन दिवसांत गेलंच समजा.

जेल आणि ते चकचकीत पारदर्शक लिक्विड हा दुसरा प्रकार. यातल्या बऱ्याच मालात सिलिकॉन पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं म्हणून झाकण उघडलं की पेंटच्या दुकानासारखा वास येतो. पाण्याला हे जास्त दाद देत नाही, दोन-तीन धुण्यांत टिकतं, मॅग्वायर्सचं जांभळं एन्ड्युरन्स जेल यात सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि नावाला जागतं पण. चकाकी म्हणाल तर ओला टायर दिसतो तशी, आणि ज्याला ती आवडते त्याला दुसरं काही दाखवून उपयोग नसतो. पण सॉल्व्हंट रोज रोज रबरावर बरा नाही, टायर कंपन्या स्वतः साधं साबणपाणी सांगतात, तेव्हा महिन्यातून चार वेळा जेल थापायची वस्तू नाही ही.

आणि शिंतोडे! जेल लावून लगेच गाडी काढली की चाक फिरताना जास्तीचा माल भिरकावला जातो. पांढऱ्या गाडीवर बघा, पुढच्या चाकाच्या मागं दाराच्या खालच्या भागावर बारीक काळे ठिपके, कमानीसारखे वर चढत गेलेले, बोटाने पुसलं की ते पसरतात आणि तेलकट डाग होतो, त्यावर धूळ बसली की आठवड्याने तो डाग पक्का बसलेला दिसतो. सकाळी जेल लावून समृद्धीवर १२० ने निघालात तर हे हमखास. उपाय फुकट आहे, लावल्यावर अर्धा तास थांबायचं आणि जुन्या बनियनच्या फडक्याने टायर एकदा पुसून घ्यायचा. चमक कमी होते अशी तक्रार करतात लोक, अहो जी पुसून जाते ती तशीही दारावरच जाणार होती.

आता कोटिंग, ज्यासाठी तुम्ही हे वाचताय. हे ड्रेसिंगसारखं ओलं राहत नाही, सुकून रबरावर पकडून बसतं. गियॉनचं क्यू-टू टायर, कारप्रोचं डार्कसाईड, अमेरिकन टफ शाईनचा क्लिअरकोट अशी नावं आहेत. हाताला कोरडं लागतं, शिंतोडे नाहीत, धूळ कमी चिकटते, आणि गाडी धुतली की टायर परत काळा. लेबलवर आठवडे-महिने लिहिलेलं असतं आणि ते अगदी खोटं नसतं, पण ते कुठल्या टायरवर आणि कुठल्या रस्त्यावर हे लेबल सांगत नाही. कारच्या पेंटवरचं कोटिंग वर्षानुवर्षं टिकतं कारण पत्रा हलत नाही. टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबते आणि परत ताणते, हवा कमी असेल तर अजूनच जास्त, त्यामुळं जाड थापलेला थर तडकतो आणि मग पापुद्रे निघतात. म्हणून पातळ दोन हात, मध्ये सुकायला वेळ, आणि त्यानंतर लेबलवर सांगितले तितके तास पाणी नाही. फुटपाथला टायर घासला की तिथलं कोटिंग गेलं, आणि तेवढ्याच तुकड्यावर परत लावलं तर ठिगळ दिसतं. सिरॅमिक शब्दाला पण भुलू नका, तीनशे रुपयांच्या स्प्रेवर पण हल्ली सिरॅमिक लिहिलेलं असतं, ते लावून पुसून मोकळं व्हायचं असेल तर ते ड्रेसिंगच, टिकायचं तेवढंच टिकणार.

कोटिंगचे पैसे वसूल होतात का वाया जातात ते लावण्याच्या आधीच्या तासाभरात ठरतं. टायर तपकिरी का होतो हे माहीत असेल तर हे लगेच समजतं. रबर ऊन आणि ओझोनने तडकू नये म्हणून कंपनी त्यात मेण आणि ६पीपीडी सारखं केमिकल घालते, ते हळूहळू वर येत राहतं, हवेतल्या ओझोनशी आणि ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया झाली की तपकिरी दिसतं. म्हणजे ती सगळी माती नसते, टायर आपलं काम करत असतो. पण त्या तपकिरी थरावर, किंवा आधीच्या सिलिकॉनवर, किंवा नव्या टायरवर साच्यातून आलेलं जे तेलकट असतं त्यावर कोटिंग लावलं तर ते रबराला धरतच नाही, त्या थराला धरतं आणि त्याच्यासोबत सुटतं.

तेव्हा टायर क्लीनर नाहीतर कडक ऑल पर्पज क्लीनर मारायचा, ताठ ब्रशने गोल गोल घासायचं. पहिला फेस बघण्यासारखा असतो, चहाच्या गाळासारखा तपकिरी, अक्षरांच्या खाचांतून ओघळत रिमवर येतो. धुवायचं, परत मारायचं, परत घासायचं. दुसऱ्या वेळी फिकट, तिसऱ्या-चौथ्या वेळी पांढरा. फेस पांढरा राहिला म्हणजे झालं, आणि ओला टायर सुकल्यावर एकसारखा फिका राखाडी-काळा दिसला पाहिजे, कुठं तेलकट गडद पट्टा राहिला तर तिथं परत. मग पूर्ण सुकू द्यायचा, अक्षरांमध्ये पाणी साचतं तिथं ब्लोअर नाहीतर कोरडं फडकं. एवढं करायची तयारी नसेल तर कोटिंगचा विषय सोडा. खरं सांगायचं तर एवढं घासल्यावर काही न लावता पण टायर चांगले दिसतात.

आता नाशिकचं गणित. शहरात पाऊस वर्षाला साधारण ७०० मिमी, इगतपुरीला त्याच्या चौपट, त्यामुळं एकाच जिल्ह्यात दोघांना एकच बाटली सुचवता येत नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोडला राहणारे, गाडी बिल्डिंगखाली, ऑफिस जवळ, त्यांना कोटिंग खरंच पुरतं, मी तर म्हणतो दिवाळीच्या आधी करा, पुढं सगळा हिवाळा आणि उन्हाळा कोरडा मिळतो. अंबड, सातपूर, सिन्नरला रोज जाणारे आणि दिवसभर गाडी कंपनीबाहेर उन्हात, त्यांनी दुधाळ घ्यावं, पंधरा दिवसांनी एकदा दहा मिनिटं दिली की बास. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे बाग असेल आणि गाडी बांधापर्यंत जात असेल तर काळी माती साइडवॉलवर अशी बसते की प्रेशर गनशिवाय निघत नाही, आणि ती गन जवळ धरून मारली की कोटिंगचा पण निकाल लागतो. तिथं महागाचं काही लावू नका, द्राक्षाचा सीझन संपेपर्यंत तर नकोच. इगतपुरी, त्र्यंबककडच्या मंडळींनी जून ते सप्टेंबर टायरला काही लावूच नये असं माझं प्रामाणिक मत आहे, फार वाटलं तर पाहुणे येणार त्या दिवशी जेल. आणि सध्या शहरात २०२७ च्या सिंहस्थासाठी जिथं तिथं खोदलंय, त्या धुळीत ओलं चकचकीत जेल लावून फिरलात तर संध्याकाळी टायर पीठ मळल्यासारखे घरी येतात.

काही गोष्टी कुठलंही घेतलं तरी लागू. रस्त्याला टेकतो त्या भागावर थेंब पण नको, ब्रेकच्या डिस्कवर तर नकोच, म्हणून स्प्रे थेट टायरवर न मारता स्पंजच्या अप्लिकेटरवर मारून मग पुसायचं. बाईक आणि स्कूटरच्या टायरला यातलं काहीही लावायचं नाही, वळणावर गाडी कलते तेव्हा साइडच्याच रबरावर टेकलेली असते. गाडी डेंटिंग-पेंटिंगला द्यायची असेल तर आधीचे आठवडे सिलिकॉन बंद, पॅनलवर उडालेलं राहिलं तर नव्या पेंटला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पेंटर शिव्या घालतो ते बरोबरच आहे. आणि लावायच्या आधी टायर कधी बनला ते सांगणारे टायरवरचे चार आकडे वाचून घ्या, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. साइडवॉलला बारीक भेगा असतील किंवा कुठं फुगा आला असेल तर चकाकी त्यावर फक्त पांघरूण घालते, सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा टायर जरा जास्तच चकचकीत दिसले तर फडक्याने पुसून मग बघा.

डिटेलिंगवाल्याकडून करून घेणार असाल तर भाव विचारायच्या आधी विचारा की लावण्याआधी टायर किती वेळा घासणार आणि गाडी परत कधी देणार. वीस मिनिटांत देतो साहेब म्हणाला तर तो ड्रेसिंग लावणार आहे, मग पैसे पण ड्रेसिंगचेच द्या. संध्याकाळी या, उद्या गाडी धुवू नका असं सांगितलं तर त्याला कोटिंगचे मागितले तेवढे द्यायला हरकत नाही.