‘एंजलहेडेड हिपस्टर’ : आठ महिने गाडीत वाजलेला अल्बम

बियाण्याच्या धंद्यात असल्यामुळे लातूर ते छत्रपती संभाजीनगर ही खेप मला महिन्यातून तीन-चारदा करावीच लागते. गाडी जुनी आहे, पण तिच्यातला सीडी प्लेअर अजून ठणठणीत आहे, आणि मांजरसुंब्याच्या घाटात मोबाईलची रेंज गेली तरी सीडी बंद पडत नाही. त्या गाडीत गेले आठ महिने सगळ्यात जास्त वाजलेला अल्बम म्हणजे ‘एंजलहेडेड हिपस्टर’. ब्रिटिश रॉक गायक मार्क बोलन आणि त्याचा बँड टी. रेक्स यांच्या गाण्यांना वेगवेगळ्या गायकांनी वाहिलेली ही आदरांजली. दोन सीडी, सव्वीस गाणी. अंबाजोगाईला चहा घेऊन निघालो की बीड येईस्तोवर संपत येतो.

टी. रेक्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. बीटल्स, पिंक फ्लॉइड, क्वीन यांचे टी-शर्ट संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातही दिसतात, यांचा एकही दिसत नाही. खरं तर १९७१-७२ या दोन वर्षांत ब्रिटनमध्ये यांची चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली होती. अमेरिकेत मात्र पहिल्या दहात पोचलं ते एकच, ‘गेट इट ऑन’, आणि तेही तिकडे ‘बँग अ गाँग’ असं नाव बदलून. १६ सप्टेंबर १९७७ ला लंडनमध्ये गाडी झाडावर आदळून बोलन गेला. तिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, तो शेजारच्या सीटवर होता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये या बँडला जागा मिळाली ती थेट २०२० साली, म्हणजे तो गेल्यावर ४३ वर्षांनी.

हा अल्बमही त्याच सालचा, ४ सप्टेंबरला आला. तो घडवला हॅल विल्नर यांनी. आदरांजलीचे अल्बम करण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. १९८१ मध्ये इटालियन चित्रपटांचा संगीतकार निनो रोटा याच्यापासून त्यांनी सुरुवात केली, मग जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक झाला, जर्मन संगीतकार कुर्ट वाइल झाला. हा अल्बम बाजारात आलेला त्यांना बघायला मिळाला नाही. एप्रिल २०२० मध्ये, वयाला ६४ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, करोनानं ते गेले. हे कळल्यापासून सीडी लावताना दर वेळी त्यांची आठवण येते.

आता गाण्यांकडे येतो. पहिले दोन आठवडे मी नाराज होतो, हे कबूल करतो. मला हवी होती ती बोलनच्या गिटारची ठेका धरलेली रग, आणि इथे तर निम्मी गाणी संथ केलेली. ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हनं गायलेलं ‘कॉस्मिक डान्सर’ मी पहिल्यांदा अर्ध्यावर पुढे ढकललं होतं. आज या अल्बममधलं एकच गाणं ठेवायचं म्हटलं तर मी तेच ठेवीन. पियानो, मागे व्हायोलिनसारखी तारवाद्यं, आणि गळ्याची कसलीही हरकत-मुरकी न घेता सरळ म्हटलेले शब्द. आईच्या पोटातून नाचत आलो आणि थडग्यातही नाचतच गेलो, असं काहीतरी ते गाणं सांगतं. मूळ १९७१ च्या ‘इलेक्ट्रिक वॉरियर’मध्ये हेच शब्द मी पंधरा वर्षं ऐकत आलो, पण त्यांच्या अर्थाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. तिशीच्या आत गेलेल्या पोरानं हे लिहून ठेवलं होतं, ही गोष्ट मला निक केव्हच्या आवाजात कळली.

मार्चमध्ये नाथषष्ठीला पैठणला जाताना औशाचे मामा सोबत होते. मामा चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवतात, इंग्रजी त्यांना येत नाही. शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडताना नेमकं हे गाणं लागलं. अर्थ विचारला, मी सांगितला. “मरणाचं हाय व्हय? मग चाल संथच पायजे,” म्हणाले. मग मी मूळ गाणं मोबाईलवर लावलं. ते ऐकून म्हणाले, “अभंग तोच हाय. ह्यानं चाल दुसरी लावली, म्हणून शबुद उघडा पडला.” मला आठ महिन्यांत जे सांगता आलं नव्हतं ते मामांनी पाचोडच्या अलीकडेच सांगून टाकलं.

याच कारणानं ल्युसिंडा विल्यम्सचं ‘लाइफ्स अ गॅस’ मला आवडतं. तिचा जाडाभरडा, थकलेला आवाज त्या गाण्यावर बसला आहे. बेथ ऑर्टनचं ‘हिपी गम्बो’ तर टी. रेक्सच्याही आधीचं, १९६६ सालचं. केशाचं ‘चिल्ड्रन ऑफ द रिव्होल्यूशन’ दणदणीत आहे, झोप येत असेल तेव्हा हेच लावावं. जोन जेटचं ‘जीपस्टर’ ठीक. जॉन लेननची दोन्ही मुलं, शॉन आणि ज्युलियन, वेगवेगळ्या गाण्यांत भेटतात. यू-टू आणि एल्टन जॉन यांचं ‘बँग अ गाँग’ मला सगळ्यात कमी भावलं. एल्टनचं असणं तसं हक्काचं आहे, कारण १९७१ मध्ये टीव्हीवर याच गाण्याला तो बोलनशेजारी पियानोवर बसला होता. पण इतकं घासूनपुसून चकचकीत केलंय की मूळचा खट्याळपणा उरलेला नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि तीही मामांमुळेच सापडली. परतीच्या वाटेवर मी त्यांना बोलनचाच १९७० चा अल्बम ‘ए बिअर्ड ऑफ स्टार्स’ ऐकवला, त्यातली दोन गाणी या अल्बमातही आहेत. त्यात बोलन गातो, गिटार वाजवतो आणि मिकी फिन हातानं ताल धरतो. मामांनी लगेच गुडघ्यावर बोटं चालवली. “कोण वाजवायलंय? थाप मोकळी हाय त्याची,” म्हणाले. दोघंच आहेत म्हटल्यावर, “एक गाणारा, एक वाजवणारा. बास की!” त्यानंतर तीच दोन गाणी आदरांजलीत लावली तेव्हा मामांची बोटं थांबली. या अल्बममध्ये गीतकार बोलनचा मान राखलाय, पण त्याच्यामागे बसून वाजवणाऱ्यांची आठवण कमी ठेवली आहे. मिकी फिन २००३ मध्ये गेला. टी. रेक्सचा बास गिटारवाला स्टीव्ह करी १९८१ मध्येच पोर्तुगालमध्ये गेला, तोही गाडीच्या अपघातात. मुखपृष्ठावर बोलनबरोबर टी. रेक्सचंही नाव आहे, तर एखादं गाणं त्यांच्या तालासाठी असायला हवं होतं. हे मला मनापासून खटकतं.

सीडी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वापरलेली मागवली होती. डबी चेपलेली आली, आणि एका सीडीवर असा ओरखडा होता की शेवटची दोन गाणी अडकतात. दोन मेल केले, उत्तर आलं नाही. ती दोन गाणी मी मोबाईलवर ऐकतो. घेणाऱ्यांनी शक्यतो नवीनच घ्यावी, नाहीतर आधी सीडीचा फोटो मागवावा.

टी. रेक्स कधीच ऐकलं नसेल तर आधी ‘इलेक्ट्रिक वॉरियर’ दोन-तीनदा ऐका. त्यातली सहा गाणी इथे आहेत, त्यामुळे कुणी काय बदललं ते लगेच कानाला कळतं. त्यानंतर हा अल्बम लावा, आणि निक केव्हचं गाणं रात्री, गाडी रिकाम्या रस्त्याला लागल्यावर ऐका. मामांच्या मोबाईलमध्ये मी ‘ए बिअर्ड ऑफ स्टार्स’ टाकून दिलाय. परवा फोन आला होता, मंडळातल्या तबलजीला मिकी फिनचा तो हात ऐकवला म्हणून सांगत होते.