गुडघ्याचं ऑपरेशन आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर

आईच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट मिरजेत या दवाखान्यात करून आता सव्वा महिना झाला. डॉक्टर चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, मला लिहायचंय ते दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरांबद्दल, कारण डॉक्टर राउंडला पाच मिनिटं येणार आणि जाणार, उरलेला सगळा दिवस आणि रात्र पेशंट यांच्याच हातात असतो.

आधी मागचं सांगते म्हणजे मी एवढं का लिहितेय ते कळेल. चार वर्षांपूर्वी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, दुसऱ्या एका दवाखान्यात, नाव नको. आदल्या रात्री सिस्टरने दारातूनच सांगितलं, "सकाळी काही खाऊ नका." बाबांनी काही खाल्लं नाही, सहा वाजता फक्त कपभर चहा घेतला. आमच्याकडे चहाला खाणं कोण म्हणतं? ऑपरेशन थिएटरात न्यायच्या वेळी विचारलं तेव्हा कळलं, आणि भुलीच्या डॉक्टरांनी केस थांबवली. त्यांचं बरोबरच होतं, पोटात काही असताना भूल दिली आणि ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून दुधाच्या चहाला सहा तास तरी धरतात. पण हे आदल्या रात्री कुणी सांगितलं असतं तर? ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं आणि वर बोलणी बाबांनाच बसली. सगळ्या वॉर्डासमोर. ते मी अजून विसरले नाही.

इथे काय झालं बघा. आदल्या संध्याकाळी सिस्टर आली, आईच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आजी, रात्री बारानंतर जेवण नाही, चहा नाही, दूध नाही, बिस्कीटसुद्धा नाही. मशेरी लावता का? तीपण नाही." आई मशेरी लावते हे आम्ही कुणी सांगितलंच नसतं, आई लाजत हो म्हणाली. मग सिस्टर म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा बघू, उद्या उठल्यावर काय काय घ्यायचं नाही." आईने एकेक मोजून सांगितलं, त्यात बिस्कीट विसरली, सिस्टरने परत पहिल्यापासून म्हणून घेतलं. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पलंगाला चिकटवलं. पाच मिनिटांचं काम, जास्त नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्रीची गोष्ट तर मी सगळ्या नातेवाईकांना सांगितलीय. सिस्टरने विचारलं, "आजी, दुखतंय का?" आई म्हणाली, "न्हाई." पण चेहरा आवळलेला आणि हात पलंगाच्या दांडीला घट्ट. दुसरी कुणी असती तर 'नाही' लिहून पुढच्या पेशंटकडे गेली असती. ही थांबली. "मग काय होतंय?" तर आई म्हणते, "दुखत न्हाई गं, निसतं ठणकतंय." आमच्या आईच्या हिशोबात पाय हलवल्यावर होतं ते दुखणं आणि पडल्या जागी होतं तो ठणका, दोन्ही वेगळं! मग शून्य ते दहाचा तो चेहऱ्यांचा तक्ता दाखवून झाला, आई दरवेळी पाचच म्हणायची, तिला त्यातलं काही उमगत नव्हतं. शेवटी सिस्टर म्हणाली, "बरं, रुपया धरला तर किती आणे ठणकतंय?" आई ताबडतोब म्हणाली, "बारा आणे."

इंजेक्शन दिलं, अर्ध्या-पाऊण तासाने परत येऊन विचारलं तर चार आण्यांवर आलेलं. फाइलमध्ये आकडाच लिहायला लागतो, तो त्या लिहायच्या, पण विचारायच्या आण्यांतच. आणि एकटी तीच नाही, सगळ्या, कारण इथे ड्यूटी बदलते तेव्हा जाणारी आणि येणारी सिस्टर दोघी पलंगाजवळ येऊन बोलतात, पेशंटच्या समोर. "आजींना आण्यांत विचार, बारा आणे म्हणजे सात-आठ धर, फिजिओच्या आधी गोळी दे," हे मी माझ्या कानाने ऐकलं. आई पण ऐकत होती आणि मध्ये "रातच्याला झोप लागली न्हाई" हे तिने स्वतःहून घातलं.

एक केरळची सिस्टर होती, तिचं मराठी बेताचं. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, मुंग्या येणं, चमक, रग, पोटरी हे शब्द तुमच्याकडे कसे म्हणतात, आणि मग आईला नीट विचारलं, "पायाला मुंग्या? बोटं हलतात?" ऑपरेशननंतर नस दबली किंवा पोटरीत रक्ताची गुठळी झाली तर आधी पेशंटच्याच बोलण्यातून कळतं, त्यामुळे तिची ही धडपड मला फार मोलाची वाटली.

अजून एक. आई सारखी गुडघ्याखाली उशी घ्यायची, बरं वाटतं म्हणून. सिस्टर ओरडली नाही, तिने सांगितलं की उशीवर गुडघा वाकलेलाच राहिला तर तसाच आखडेल आणि पुढे पाय सरळ होणार नाही, उशी हवीच तर टाचेखाली घ्या. कारण कळल्यावर आईने उशी परत मागितली नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मी सगळे कागद घेऊन तयार होते, तर सिस्टरने विचारलं, "घरी आजींजवळ कोण असणार?" मी म्हटलं वहिनी. "मग त्यांना बोलवा, मी त्यांच्याशी बोलते." वहिनी तासाभराने आली, तोवर सिस्टर थांबली. रक्त पातळ राहायची गोळी किती वाजता, पोटरी सुजून गरम झाली किंवा एकदम धाप लागली तर वाट न बघता यायचं, जखमेतून पाणी आलं तर फोन करायचा, सगळं वहिनीकडून वदवून घेतलं.

एक स्टार कमी दिलाय, त्याची कारणं पण सांगते. तिसऱ्या रात्री बेल दाबून पस्तीस मिनिटं कुणी आलं नाही, आईला लघवीला जायचं होतं आणि तिला एकटीने उठायची परवानगी नव्हती. त्या रात्री पूर्ण मजल्याला दोनच सिस्टर होत्या, त्यांची चूक मी म्हणणार नाही, मॅनेजमेंटने माणसं वाढवावीत. आणि बिलिंग काउंटर! विम्याच्या कॅशलेसमधले कुठले पैसे कापले ते कुणी सरळ सांगत नाही, तीन वेळा "सिस्टीममध्ये तसंच आहे". राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, त्यात पहिलाच हक्क माहितीचा आहे, आणि ती समजेल अशा भाषेत मिळायला हवी. ते बिलालाही लागू आहे.

टाके काढायला गेलो तेव्हा तीच सिस्टर जिन्याजवळ भेटली. आई वॉकर टेकत उभी राहिली आणि तिने विचारायच्या आधीच म्हणाली, "आज दोन आणे."

नातेवाईकाला रात्री नुसती खुर्ची मिळते, चादर आणि उशी घरून न्या.