क्रिप्टो विकायचं कधी: सगळं एकदम, फक्त मुद्दल, की टप्प्याटप्प्याने?

बिटकॉइन जरा वर गेला की सगळ्यांचा एकच प्रश्न, विकू का थांबू. लोक उत्तर चार्टमध्ये शोधतात, पण आपल्या इकडे आधी टॅक्स बघा, अर्धा निकाल तिथेच लागतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. शेअर्ससारखं वर्षभर ठेवलं की टॅक्स कमी असलं काही नाही, आठवड्यात विका नाहीतर पाच वर्षांनी. त्यामुळे "टॅक्स वाचेल म्हणून थांबलोय" म्हणणाऱ्याने थांबायचं दुसरं कारण शोधावं.

समजा तुम्ही १ लाख टाकलेत आणि आज त्याचे ३ लाख झालेत.

सगळं एकदम विकलं तर नफा २ लाख, टॅक्स ६२,४००, एक्स्चेंजची (क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या ॲपची) फी सोडून हातात २,३७,६००. पुढे भाव चढला तर जीव जळणार हे धरून चला, मार्च २०२४ ला ७० हजार डॉलरला विकून खुश झालेल्यांनी त्याच डिसेंबरात १ लाख डॉलर बघितले. पण सहा महिन्यांत फ्लॅटचं डाऊन पेमेंट किंवा मुलाची फी भरायची असेल तर दुसरा विचारच नको, विकून मोकळे व्हा.

फक्त मुद्दल काढायचं हे बोलायला सोपं आहे, पण बरेच जण इथेच गंडतात. १ लाखाचं विकलं की मुद्दल सुटलं असं वाटतं, पण त्या विक्रीत तुमची खरेदी ३३ हजारांची आणि नफा जवळपास ६७ हजारांचा, त्यावर टॅक्स २०,८००, म्हणजे हातात ७९,२००. खरंच १ लाख सुटायला हवेत तर साधारण १,२६,३०० चं विकावं लागतं. मग उरतात १,७३,७००, ते खुशाल खेळवा. नोव्हेंबर २०२१ ला ६९ हजार डॉलरचा बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला होता, तशी आपटी परत बसली तरी तुमच्याकडे घरातले १ लाख आणि वर चाळीसेक हजार राहतात. काहीच न विकलेल्याचे ३ लाख मात्र ७० हजारांच्या खाली गेलेले असतात. आणि हे बिटकॉइनचं झालं हां, मे २०२२ मध्ये ८० डॉलरच्या आसपासचं लुना नावाचं दुसरं कॉइन आठवड्याभरात एका सेंटच्याही खाली गेलं, तिथे थांबणाऱ्याला काय मिळालं असेल ते बघा.

टप्प्याटप्प्याने म्हणजे दुप्पट झालं की पाव भाग, तिप्पट झालं की अजून पाव असं. टॅक्सचा दर तोच, फक्त प्रत्येक विक्री रिटर्नच्या शेड्यूल व्हीडीएमध्ये (क्रिप्टोच्या व्यवहारांच्या तक्त्यात) दाखवायचा कंटाळवाणा उद्योग वाढतो. रक्कम मोठी असेल तर मला हेच बरं वाटतं, पण लिमिट ऑर्डर (ठरवलेला भाव आला की आपोआप विकणारी) आधीच लावून ठेवणार असाल तरच, नाहीतर भाव जवळ आला की "अजून थोडं जाईल" म्हणून टार्गेट पुढे सरकतंच. छोटी रक्कम असेल तर हा खटाटोप कशाला, मुद्दल काढा आणि बाकीचं विसरून जा.

काही जण म्हणतात रुपयात नको, यूएसडीटीत (डॉलरच्या भावाला बांधलेल्या कॉइनमध्ये) बदलून ठेवतो म्हणजे टॅक्स नाही. अहो तीही विक्रीच धरतात, टॅक्सही लागतो आणि १ टक्का टीडीएसही (टीडीएस नंतर टॅक्समध्ये वळता होतो, ते वेगळं). वर पैसे एक्स्चेंजवरच पडून. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स हे आपल्याकडचं एक्स्चेंज हॅक झालं, सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं आणि लोकांचे विथड्रॉल अडकले, त्यामुळे रक्कम बँकेत दिसेपर्यंत "प्रॉफिट बुक केला" म्हणू नका.

आणि दोन-तीन कॉइन असतील तर विकायच्या आधी हा हिशोब कागदावर मांडाच. एकात २ लाख नफा, दुसऱ्यात दीड लाख तोटा, दोन्ही विकले तर खरी कमाई ५० हजार, पण तोटा वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही, म्हणून टॅक्स पूर्ण २ लाखांवर, ६२,४००. म्हणजे कमावूनही खिशातले १२,४०० गेले. त्यामुळे "टॅक्स कमी होईल" म्हणून तोट्यातलं कॉइन काढणार असाल तर काढू नका, त्यात दम राहिला नाही असं वाटत असेल तर मात्र खुशाल काढा.