‘सर्व्हर सॉफ्टवेअर’ म्हणून ॲक्सेसची फाईल गळ्यात मारली, माझा अनुभव

(ॲक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेसचा प्रोग्रॅम, माहिती टेबलांमध्ये साठवायचा.) जरा लांबलंय, पण ज्यांच्या ऑफिसात पाच-दहा कॉम्प्युटरवर एकच सॉफ्टवेअर चालवायचंय आणि कोणीतरी "मी करून देतो ना" म्हणत मागे लागलाय त्यांनी वाचाच. ऑर्डरवर सही माझी होती, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली.

आमच्याकडे सात मशीन. स्टॉक, बिलं, येणी सगळं एक्सेलमध्ये होतं आणि रोज कोणाची तरी शीट दुसऱ्याच्या शीटवर सेव्ह व्हायची. ओळखीतून एक डेव्हलपर आला, गोड बोलणारा, दर वाक्याला ताई. म्हणाला आमचं स्वतःचं सर्व्हर बेस्ड सॉफ्टवेअर आहे, 255 युजरपर्यंत चालतं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, वेगळे अधिकार. दर युजरमागे लायसन्स, शिवाय ‘डेटाबेस स्प्लिटिंग’चे वेगळे पैसे, शिवाय एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे. मला स्प्लिटिंग म्हणजे काय ते कळलं नाही, पण विचारायची लाज वाटली. तिथेच फसले.

पहिले दोन महिने बरं चाललं. मग एक दिवस मी एका पार्टीची येणी काढली तर प्रिंटरमधून दुसऱ्याच पार्टीची यादी बाहेर आली. वर नाव माझ्या पार्टीचं, खाली आकडे भलतेच! शेजारच्या टेबलवर त्याच मिनिटाला दुसरा रिपोर्ट काढला होता, त्याचे आकडे होते ते. फोन केला तर, "ताई, तुमचं नेटवर्क वीक आहे." नवीन स्विच घेतला, म्हणजे सगळ्या मशीनच्या नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा, त्याच्याकडूनच. फरक शून्य.

मग स्लो व्हायला लागलं, मधेच फाईल उघडेना. दर महिन्याला तो संध्याकाळी यायचा, सगळ्यांना बाहेर पडायला सांगायचा, स्वतःचा लॅपटॉप जोडून दोन-चार क्लिक करायचा आणि बिलावर लिहायचा ‘सर्व्हर ऑप्टिमायझेशन’. एकदा मी मागे उभी राहून बघितलं. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर डेटाबेस’ असं एक बटण. तेवढंच. चहा गार व्हायच्या आत काम खलास.

शेवटी एका दुपारी सगळ्यांच्या स्क्रीनवर ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ आलं आणि काम ठप्प. हा म्हणाला व्हायरस आहे, रिकव्हरीचे वेगळे पैसे पडतील. तेव्हा मात्र मी मावसभावाला बोलावलं, तो याच लाइनमधला.

त्याने आधी इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस रनटाइम’, म्हणजे ॲक्सेसमध्ये बनवलेली फाईल नुसती चालवायला लागणारा प्रोग्रॅम. "दादा, हेच ते लायसन्स?" तो हसायलाच लागला. रनटाइम मायक्रोसॉफ्ट फुकट देतं, कोणीही डाउनलोड करावं. आम्ही सात वेळा पैसे मोजले होते. डेव्हलपरने आपल्या मेहनतीचे पैसे घ्यावेत की, कोण नाही म्हणतंय, पण फुकटची वस्तू लायसन्स म्हणून दर मशीनमागे विकायची म्हणजे काय!

मग शेअर फोल्डर. ज्याला डेव्हलपर सर्व्हर म्हणायचा तो कोपऱ्यातला साधा पीसी. आत दोन फाईल, एकीत डेटाची टेबलं म्हणजे बॅकएंड, दुसरीत फॉर्म, रिपोर्ट आणि कोड म्हणजे फ्रंटएंड. म्हणजे स्प्लिट केलं होतं, खोटं नाही, पण ते काम ॲक्सेसमधला विझार्डच काही मिनिटांत करतो. आणि स्प्लिट करण्याचा मुद्दाच हा की बॅकएंड एकच, शेअर फोल्डरमध्ये, आणि फ्रंटएंडची कॉपी प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनवर. याने आमच्या डेस्कटॉपवर नुसते शॉर्टकट ठेवले होते, सातही जण शेअरवरचा तोच फ्रंटएंड उघडत होतो. रिपोर्टसाठी लागणारं तात्पुरतं टेबल त्या फ्रंटएंडमध्येच, मग दोघांनी एकदम रिपोर्ट काढला की एकाचे आकडे दुसऱ्याच्या कागदावर. स्विच बिचारा निर्दोष होता.

ओळखायचं कसं ते भावाने दाखवलं, तुम्हीही बघू शकता. ॲक्सेसची फाईल कोणी उघडली की शेजारी त्याच नावाची, कुलपाचं चित्र असलेली एक छोटी फाईल तयार होते, एक्स्टेंशन एलएसीसीडीबी. फ्रंटएंडच्या त्या लॉक फाईलची कॉपी करून नोटपॅडमध्ये उघडली. विचित्र रिकाम्या जागा आणि मधे आमच्या मशीनची नावं, अकाउंट्स, स्टोअर, डिस्पॅच, अशी सगळी. बाहेर पडलेल्याचं नावही त्यात कधीकधी राहतं, तेवढं लक्षात ठेवा. पण बॅकएंडच्या लॉक फाईलमध्ये सगळे दिसले तर ठीक, फ्रंटएंडच्या फाईलमध्ये आपल्याशिवाय दुसरं मशीन दिसता कामा नये.

आणि प्रत्येक मशीनच्या नावापुढे एकच युजर, ॲडमिन. मी म्हटलं वेगळे अधिकार होते ना? तर ॲक्सेस 2007 पासून आलेल्या एसीसीडीबी फाईलमध्ये युजरवार सिक्युरिटी नाहीच. डेव्हलपरचा लॉगिन फॉर्म म्हणजे नुसता देखावा. भावाने आपल्या ॲक्सेसमध्ये बॅकएंड उघडायला घेतली तर फाईलवर पासवर्डच नाही, रिपेअर होऊन ती उघडली आणि आत एका टेबलमध्ये आम्हा सगळ्यांचे पासवर्ड सरळ वाचता येतील असे. माझाही, जो मी अजून तीन ठिकाणी वापरत होते. फोल्डरवर लिहायचे-डिलीट करायचे अधिकार सगळ्यांना द्यावेच लागतात, नाहीतर लॉक फाईल नीट बनत नाही, म्हणजे ज्याला वाटेल त्याने अख्खा डेटा पेनड्राइव्हवर न्यावा.

व्हायरस वगैरे काही नव्हता. डिस्पॅचचा लॅपटॉप वायफायवर चालायचा. बॅकएंडमध्ये लिहिणं चालू असताना कनेक्शन तुटलं की फाईल अर्धवट राहते, हे या धंद्यातल्या माणसाला माहीत असायलाच हवं. आम्हाला मात्र त्याने स्वतः सांगितलं होतं, वायफायवर बिनधास्त चालवा. बॅकअप होता, पण त्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर.

डेटा बहुतेक वाचला. नव्या रिकाम्या फाईलमध्ये एकेक टेबल इम्पोर्ट केलं, एका टेबलच्या शेवटच्या काही ओळी चिनी अक्षरांसारख्या झाल्या होत्या, त्या बिलबुकातून परत टाईप केल्या.

ॲक्सेसला मी सुरुवातीला खूप शिव्या घातल्या, ते चुकलं. सात जणांना, वायरच्या नेटवर्कवर, नीट मांडलं तर ते छान चालतं, आत्ताही आम्ही तेच वापरतोय. लॉगिन झाल्यावर एक छोटी बॅच फाईल, म्हणजे दोन-चार कमांड ओळीने लिहिलेली फाईल, फ्रंटएंडची ताजी कॉपी आपल्या मशीनवर आणते आणि उघडते, झालं. 255 हा आकडाही कागदावर खराच आहे, प्रत्यक्षात तेवढे बसवायला कोणी जात नाही, आणि एका फाईलला 2 जीबीची मर्यादा आहे ती त्याने कधी उच्चारलीच नाही.

पैसे? नाही मिळाले. सगळं फोनवर ठरलेलं, लेखी एवढंच की ‘सॉफ्टवेअर पुरवले’. आणि खरा फटका त्यापेक्षा मोठा. त्याने फ्रंटएंड एसीसीडीई करून दिला होता, त्यात कोडचा सोर्स नसतो आणि फॉर्म-रिपोर्टचं डिझाइन उघडता येत नाही. मूळ एसीसीडीबी मागितली तर म्हणाला सोर्स वेगळा विकत घ्यावा लागेल, नंतर फोनच उचलेना. ऑर्डर देतानाच ती मूळ फाईल आमच्या ताब्यात राहील असं लिहून घ्यायला हवं होतं, तुम्ही घ्या. आम्ही सगळे फॉर्म नव्याने करून घेतले, रिपोर्टही. एक राहिलाय, जुन्या पडून राहिलेल्या मालाचा. त्यातला घसारा त्या डेव्हलपरने कोडमध्ये कसा काढला होता कोणालाच माहीत नाही, म्हणून अजून दर महिनाअखेरीला एका मशीनवर ती जुनी फाईल उघडतो, आकडा बघतो आणि हाताने नव्यात लिहितो.