हँडब्रेक ढिला झालाय: नट कसायचा, ड्रम उघडायचा की केबल बदलायची?

लिव्हर पार उभा केला तरी गाडी सरकतेच, ही तक्रार घेऊन गॅरेजात गेलं की बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत काम होतं. मेकॅनिक लिव्हरजवळचं प्लास्टिक उचकटतो, पाना लावून केबल ताणणारा नट दोन-चार वेढे कसतो आणि चावी हातात देतो. परभणी-हिंगोलीकडच्या सपाट रस्त्यावर ही दुरुस्ती वर्षभरसुद्धा खपून जाते. तिचा कस लागतो तो कन्नडच्या औट्रम घाटात गाड्यांच्या रांगेमागे गाडी थांबली की, किंवा भरलेली गाडी घेऊन माहूरचा चढ चढताना मध्येच थांबावं लागलं की.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मागच्या चाकांना ड्रम (चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा, ब्रेक त्याच्या आत) असतील, तर ते उघडून पाहिल्याशिवाय नट कसू देऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रमच असतात, त्यामुळे आधी त्यांचंच बोलू.

चांगल्या हँडब्रेकनं किती वजन पेलावं, याचं एक माप आहे. गाड्यांच्या ब्रेकसाठीच्या यूएन आर १३-एच या आंतरराष्ट्रीय नियमात पूर्ण भरलेली कार २० टक्के चढ-उतारावर पार्किंग ब्रेकनं जागेवर राहिली पाहिजे, असं म्हटलंय. २० टक्के म्हणजे १०० फूट पुढे जाताना २० फूट वर. अशा चढावर हजार किलोची गाडी जवळजवळ १९६ किलोच्या जोरानं मागे ओढली जाते. हा सगळा जोर मागच्या दोन चाकांतल्या शूंनी (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींनी) धरायचा असतो, तोही तुमच्या एका हाताच्या ओढीवर. त्यामुळे अंगणात गाडी हलत नाही म्हणजे हँडब्रेक ठीक आहे, असं धरून चालू नये.

पैसे खर्च करण्याआधी लिव्हर काय सांगतोय ते ऐका

लिव्हर सावकाश ओढा आणि खटके मोजा. प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत असतो, पण साधारण पाच ते आठ खटक्यांत गाडी घट्ट धरली जायला हवी. दहा-बारा खटके होऊनही हाताला जोर जाणवत नसेल, तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय किंवा केबल ताणली गेलीय. उलट चार-पाच खटक्यांतच लिव्हर दगडासारखा घट्ट होतो आणि तरी गाडी सरकते, असं असेल तर केबल आतून गंजून अडकलीय, नाहीतर लायनिंगवर (शूवरच्या घासणाऱ्या थरावर) तेल आलंय किंवा ते भाजून गुळगुळीत झालंय. या दुसऱ्या अवस्थेत नट कसून काडीचाही फायदा नाही. लिव्हर वर राहतच नाही, आपोआप खाली पडतो, तर दोष लिव्हरच्या दात्यांचा. तो भाग बदलायचा आणि विषय संपला.

आणखी एक तपासणी दोन माणसांनी करायची. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर गिअरमध्ये ठेवा आणि मागचं एक चाक उचला. एकानं लिव्हर एकेक खटका ओढायचा, दुसऱ्यानं चाक हातानं फिरवून पाहायचं. मग दुसऱ्या चाकाचं तसंच. दोन्ही चाकं साधारण एकाच खटक्याला जड व्हायला हवीत. एक धरतं आणि दुसरं मोकळं फिरतं, असं दिसलं तर बिघाड त्या एका बाजूच्या केबलमध्ये किंवा ड्रममध्ये आहे. मेकॅनिकला नुसतं "हँडब्रेक लागत नाही" म्हणण्यापेक्षा "डावं चाक तिसऱ्या खटक्याला धरतं, उजवं नवव्यालाही नाही" असं सांगितलं, तर अंदाजपंचे काम होत नाही.

नट कसणं आणि ड्रम उघडणं

दोन्हींत फरक नेमका काय, हे आत काय घडतं ते कळल्याशिवाय पटणार नाही. ड्रममध्ये दोन शू असतात आणि त्यांच्यामध्ये एक ॲडजस्टर. लायनिंग झिजेल तसा हा ॲडजस्टर थोडा थोडा लांबत जातो आणि शू ड्रमच्या जवळ राहतात. हँडब्रेकची केबल याच शूंना एका लहान लिव्हरनं ओढते. म्हणजे पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर, हाताचा ब्रेक तारेवर, पण मागे घासणारे शू तेच.

आता मराठवाड्यातली धूळ आणि शेतरस्त्याची काळी माती घ्या. ड्रमच्या मागच्या पत्र्याला तपासणीचं छोटं भोक असतं, त्यावर रबरी बूच. ते बूच पडलं की पावसाळ्यात चिखल सरळ आत. तो वाळतो, लायनिंगच्या भुकटीत मिसळतो आणि ॲडजस्टरचे दाते जाम होतात. ॲडजस्टर लांबायचा थांबला की शू ड्रमपासून लांब राहतात. ब्रेकचं पेडल थोडं खोल जायला लागतं, हँडब्रेकचे खटके वाढतात.

इथे नट कसला तर केबल शूंना कायम थोडं ओढून धरते. खटके कमी होतात, मालक खूश. पण शू आता ॲडजस्टरवर नाही, केबलवर टेकलेले असतात. कित्येक गाड्यांत यामुळे ॲडजस्टरचं उरलंसुरलं कामही बंद पडतं. नट जास्त कसला गेला तर शू चालत्या गाडीत ड्रमला घासत राहतात. ड्रम तापतो, लायनिंग भाजतं, ॲव्हरेज पडतं आणि काही दिवसांनी हँडब्रेक पहिल्यापेक्षा ढिला. बीडहून संभाजीनगरला जाऊन उतरल्यावर मागच्या एका चाकाजवळ गरम वाफ आणि जळकट वास येत असेल, तर आधी हा नट आठवा. (हात लावून पाहू नका, तापलेला ड्रम चटका देतो.)

ड्रम उघडण्याच्या कामात वेळ जातो. दोन्ही चाकं काढायची, ड्रम उतरवायचे, भुकटी साफ करायची, ॲडजस्टर सुटा करून मोकळा करायचा, शू जिथे पत्र्यावर सरकतात तिथे ब्रेकचं खास ग्रीस अगदी नावाला लावायचं, मग शूंचं अंतर बसवायचं आणि सगळ्यात शेवटी केबल. हा क्रम महत्त्वाचा आहे. ॲडजस्टर आधी, नट शेवटी. चांगला हात असेल तर अर्ध्या दिवसाच्या आत गाडी मोकळी होते. लायनिंग शिल्लक असेल तर सुट्या भागाचा खर्च जवळजवळ शून्य, नुसती मजुरी. नट कसण्यापेक्षा मजुरी कितीतरी जास्त लागेल, हे खरं. पण ड्रम उघडल्यावर लायनिंग किती उरलंय आणि व्हील सिलेंडर (पायाच्या ब्रेकच्या तेलानं शू ढकलणारा भाग) गळतोय का, हे डोळ्यांनी दिसतं. नट कसून ते कधीच दिसत नाही.

नट कसणं योग्य ठरतं ते दोनच वेळी. एक म्हणजे ड्रम नुकतेच उघडून साफ झालेत, ॲडजस्टर बरोबर बसवलेत, तरी खटके एक-दोन जास्त येतायत. दुसरं, नवी केबल टाकल्यावर ती थोडी बसते, तेव्हा.

सफाईबद्दल एक टोचणारी गोष्ट. आपल्याकडे ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारायची पद्धत आहे. जुन्या किंवा बेनावाच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि ती भुकटी फुप्फुसात जाते. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसायला सांगा. पेट्रोलनं धुणारेही भेटतात; शेजारी वेल्डिंग चालू असलेल्या शेडमध्ये ते बघवत नाही.

शू: साफ करावे, लायनर मारावेत की नवे टाकावेत

लायनिंग भरपूर आहे, फक्त चकाकतंय, तर पॉलिश पेपर मारून काम भागतं. एक-दीड मिलिमीटरवर आलंय तर बदला. तेल प्यायलेलं असेल, तर कितीही जाड असो, फेका. पेट्रोलनं धुऊन, जाळून वाळवलेलं लायनिंग दोन दिवस धरतं आणि पुन्हा आतलं तेल वर येतं. आणि तेल आलं कुठून हे शोधल्याशिवाय नवे शू घालणं म्हणजे पैसे पाण्यात. बहुतेक वेळा व्हील सिलेंडर गळत असतो. असं असेल तर हा फक्त हँडब्रेकचा प्रश्न उरत नाही, पायाचा ब्रेकही धोक्यात आहे. ती गाडी चालवत दुसऱ्या गावी नेऊ नका.

जुन्या शूवर नवे लायनर (लायनिंगच्या पट्ट्या) मारून देणारे कारागीर ट्रक-ट्रॅक्टरच्या बाजारात अजून आहेत. स्वस्त पडतं. बंद झालेल्या मॉडेलच्या गाडीला, जिचे शू मिळतच नाहीत, तिथे हाच मार्ग. चालू मॉडेलच्या हॅचबॅकला मात्र मी नवा सेटच घेईन, कारण तो सहज मिळतो आणि लायनर नीट चिकटलाय की नाही ही धास्ती राहत नाही. सेट दोन्ही चाकांचा एकदम बदलायचा. एका बाजूला नवे, दुसऱ्या बाजूला जुने शू ठेवले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. ड्रमला आत खोल चर पडले असतील तर लेथवर घेता येतो, पण चालेल तो सर्वात मोठा व्यास सहसा ड्रमवरच कोरलेला असतो. त्यापुढे गेला की नवा ड्रम.

एक बारीकसारीक गोष्ट: दातेरी चाकाच्या ॲडजस्टरचे डावे-उजवे आटे उलट असतात. दोन्ही ड्रम एकदम खोलून सुटे भाग एकाच डब्यात टाकणाऱ्या पोऱ्यावर लक्ष ठेवा. एक बाजू जुळवून होईपर्यंत दुसरी उघडू नये, म्हणजे बघून जुळवता येतं.

केबल: तेल सोडणं की बदलणं

लिव्हर जड, सोडला तरी चाक मोकळं व्हायला वेळ लागतो, वरच्या रबराला चीर: केबल गेली. तिच्यात डिझेल किंवा ऑइल सोडून ती हलती करता येते, पण तेलावर धूळ चिकटते आणि उन्हाळा संपायच्या आत पुन्हा तेच. बदलणंच बरं. डावी-उजवी वेगळी असेल आणि गाडी सात-आठ वर्षांची असेल, तर दोन्ही बदला. मजुरीतला मोठा भाग तसाही खाली झोपून कव्हर काढण्याचा असतो. पावसाळ्यात पुण्याला राहणारी मंडळी गावी गाडी ठेवून जातात, त्यांची केबल आणि शू दोन्ही अशाच बसून बसून अडकतात. लांब मुदतीसाठी गाडी ठेवताना हँडब्रेक सोडून द्या, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा.

गल्लीतलं गॅरेज की कंपनीचं सर्व्हिस सेंटर

ड्रमचं काम जुनं आणि सरळ आहे. तालुक्याच्या गावातला, गेली कित्येक वर्षं हेच करणारा मेकॅनिक ते सर्व्हिस सेंटरइतकंच, कधी जास्तच नीट करतो, शिवाय तुम्ही शेजारी उभे राहून पाहू शकता. त्याची कसोटी एका प्रश्नात होते: "आधी ॲडजस्टर बसवाल की केबल?" उत्तरात "केबल" आली, तर चहा पिऊन निघा. सुटे भाग मात्र स्वतः दुकानातून, डबा आणि पार्ट नंबर बघून आणा.

सर्व्हिस सेंटरकडे जायचं ते गाडी वॉरंटीत असेल तर, म्हणजे केबल किंवा लिव्हरच्या दोषावर हक्क सांगता येतो. लायनिंग हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत सहसा धरत नाहीत. किंवा मागे ड्रमऐवजी डिस्क असेल तर.

डिस्कवाल्यांसाठी थोडक्यात. काही गाड्यांत डिस्कच्या पोटात हँडब्रेकचा वेगळा छोटा ड्रम असतो. त्याला वरचंच बरंचसं लागू. काहींत केबल थेट कॅलिपर (डिस्कला पॅडनं चिमटणारा भाग) ओढते, तिथे कॅलिपर जाम होणं हा मुख्य आजार. बटणाचा इलेक्ट्रिक ब्रेक असेल, तर मागचे पॅड बदलण्याआधी सहसा स्कॅनरनं मोटर मागे घ्यावी लागते. पेचकस लावून पिस्टन दाबणाऱ्याच्या हाती ही गाडी देऊ नका, मोटरसकट कॅलिपर बदलायची वेळ येईल. इथे मला घरगुती पर्याय दिसत नाही.

घरी स्वतः करायचं का? खटके मोजणं, रबर बघणं, जरूर. ड्रम उघडायचा तर सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर, जॅकसोबत स्टँड लावून. काळ्या मातीच्या अंगणात जॅक हळूहळू खचतो. आणि तुमचा हँडब्रेक धरत नाही म्हणूनच तर हे काम काढलंय, तेव्हा पुढच्या चाकांच्या दगडांत कंजुषी नको.

तोवर काय

दुरुस्तीला दोन दिवस लागणार असतील तर चढाकडे तोंड असताना पहिला गिअर, उताराकडे तोंड असताना रिव्हर्स, आणि चाकाखाली दगड. ऑटोमॅटिकमधला पी (पार्किंग) गिअरबॉक्सला खिळीसारखा अडकवून धरतो, पण चढावर गाडीचं सगळं वजन त्या एका खिळीवर येतं. नुसता गिअरही भरवशाचा नाही, इंजिनातल्या हवेचा दाब (कॉम्प्रेशन) हळूहळू सुटून गाडी झोल खाते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे चालक सीटवर नसताना गाडी सार्वजनिक जागी सोडायची तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा ती आपसूक सरकणार नाही अशी दुसरी सोय हवी. तेव्हा दगड लावायला लाजू नका.

नवे शू टाकले की पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ते ड्रमला घासून बसतात आणि एखादा खटका वाढतो. मजुरी देतानाच मेकॅनिककडून एकदा फुकट तपासून द्यायचं कबूल करून घ्या, आणि त्या वेळीही त्यानं थेट नटाला पाना लावला तर थांबवा.