आधी पुस्तक गेले, मग कार्बोरेटर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या मोटारसायकली सांभाळणारी जी मंडळी आहेत, त्यांना सावध करण्यासाठी हे लिहीत आहे. आमच्या ओळखीतल्या काही जणांना एकाच माणसाने एकाच पद्धतीने गंडवले असून, या पद्धतीत सुरुवातीला पैशाचा विषयच निघत नाही, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

निपाणीच्या माझ्या मामांकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली २५० सीसीची जावा आहे. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, आणि गिअरचा दांडाच फिरवून किक म्हणून वापरायचा, अशी तिची रचना जुन्या लोकांना आठवत असेल. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडल्यामुळे आता तिचे अस्सल भाग मिळतात ते कोणाच्या तरी माळ्यावर, नाहीतर भंगारात. आणि हाती आलेला भाग अस्सल आहे की नाही हे ठरवायचे तर कंपनीने छापलेले स्पेअर पार्टचे पुस्तक लागते, कारण त्यात प्रत्येक भागाची आकृती आणि क्रमांक दिलेला असतो. मामांनी ते पुस्तक, मालकासाठीची माहितीपुस्तिका आणि जुन्या मोटारसायकलवाल्यांच्या मंडळाने सायक्लोस्टाईल करून वाटलेली दुरुस्तीची पत्रके, असे सगळे एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते.

बेळगावच्या शहापुरात रविवारी सकाळी आम्ही गाडीवाले चहाला जमतो, तिथे हा गृहस्थ येऊ लागला. आपण कोल्हापूरकडचे असल्याचे त्याने सांगितले. बोलणे अदबीचे, ज्येष्ठांना ‘काका’ म्हणणार, आणि गाड्यांची माहिती खरोखरच चांगली. जुने साहित्य वाळवीच्या तोंडी जाण्याआधी आपण ते विनामूल्य स्कॅन करून देतो आणि मूळ प्रत जशीच्या तशी परत करतो, असा त्याचा प्रस्ताव होता. पहिल्या माणसाची पुस्तिका त्याने सुबक बांधणी करून, मूळ प्रतीसह, ठरल्या दिवशी परतही केली. माझ्या मते सगळ्या फसवणुकीतली सर्वांत हुशारीची चाल हीच होती, कारण त्यानंतर त्याच्याकडे पावती मागणे कोणालाच प्रशस्त वाटेना. ‘ओळखीत कसली पावती’ या आपल्याकडच्या सवयीचा त्याने पुरेपूर फायदा घेतला.

मामांची पेटी नेल्यावर काही आठवड्यांनी त्याने गाडीचा विषय काढला. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेत वेगळी नोंदणी मिळते, तिची फी २० हजार रुपये असते आणि ती १० वर्षे चालते, हे त्याने सांगितले ते खरेच आहे. मात्र इंजिन, चासी यांत मोठे फेरफार झालेले वाहन त्या नोंदणीस पात्र ठरत नाही, आणि अशा नोंदणीचे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, या दोन गोष्टी त्याने सोयीस्करपणे गाळल्या. गाडी पूर्ववत करून देण्यासाठी त्याने ४० हजार रुपये आगाऊ घेतले आणि ‘नोंदणीच्या कामासाठी’ म्हणून फॉर्म २९ व ३० वर कोऱ्या सह्याही मागितल्या. हे दोन्ही फॉर्म मालकी हस्तांतराचे असतात. त्यावर कोरी सही देणे म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला मोकळीक देणे होय. सुदैवाने मामींनी त्या सह्या होऊ दिल्या नाहीत.

काम चालू असताना मोबाईलवर फोटो येत राहिले. त्यांतल्या एका फोटोत चासीची डावी बाजू अगदी स्वच्छ दिसत होती. मामांच्या गाडीला त्याच ठिकाणी, मूळ कान तुटल्यामुळे, लोहाराकडून जोडून घेतलेला साईड स्टँडचा जाड तुकडा आहे आणि त्याच्या वेल्डिंगची ओबडधोबड गाठ रंगाखालूनही लपत नाही. फोटोतली गाडी दुसऱ्याच कोणाची तरी होती.

तगादा लावल्यावर गाडी परत आली, तीही चकचकीत होऊन. आरसीवरचे इंजिन आणि चासीचे क्रमांक जुळत होते. पण नाव कोरलेला मूळ जिकॉव्ह कार्बोरेटर जाऊन तिथे बाजारातला बिननावाचा बसला होता, दोन्ही सायलेन्सर हातात घेताच हलके लागत होते आणि मागचे मडगार्ड अंगठ्याने दाबले तर दबत होते. १९७३ नंतर याच कारखान्यातून येझदी नावाने निघालेल्या गाड्यांचे बरेच भाग जावाला बसत असल्यामुळे गाडी चालते व्यवस्थित, आणि म्हणूनच अदलाबदल सहज लक्षात येत नाही. पुस्तकाची तर नुसती झेरॉक्स मिळाली. दुसऱ्या एका सभासदाच्या प्रतीशी ती ताडून पाहिली, तेव्हा कार्बोरेटर आणि सायलेन्सरच्या आकृत्यांची पानेच त्यात नव्हती.

म्हणून गाडी कोणाच्याही हाती देण्यापूर्वी इंजिन व चासीच्या क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा, कार्बोरेटर, दिवा, मीटर आणि सायलेन्सरचे जवळून फोटो काढावेत आणि त्या यादीवर गाडी नेणाऱ्याची सही घ्यावी. क्रँक आणि लेथचे काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात स्वतः उभे राहून करून घेता येते. त्यासाठी अख्खी गाडी परगावी पाठवण्याचे कारण नाही. पुस्तकांच्या बाबतीत तर माझे मत ठाम आहे: स्कॅन करणाऱ्याने यंत्र घेऊन आपल्या घरी यावे, पुस्तकाने उंबरा ओलांडू नये.

माणूस महाराष्ट्रातला आणि गाडी कर्नाटकातली, तेव्हा तक्रार कुठे करायची, या घोळात बरेच जण गप्प बसतात. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि सोपवलेल्या वस्तूच्या अपहाराला कलम ३१६ आहे. आपल्याकडे जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. तो वाचून दाखवण्याचा आणि त्याची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क तक्रारदाराला आहे, म्हणून कन्नड नीट वाचणारा कोणी तरी सोबत न्यावा. मामांची तक्रार नोंदवून झाली आहे. त्यांच्या मूळ पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस निळ्या शाईत तंबाखूच्या बोदांचा हिशेब लिहिलेला आहे. अशी प्रत कोणाकडे विक्रीस आली, तर ती विकत न घेता निपाणी पोलीस ठाण्यात कळवावे.