क्रोनो ट्रिगर की फायनल फँटसी टेन: आधी कोणता खेळावा?

भाच्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे कापसाचा दुसरा वेचा सुरू होता. "मामा, सध्या एकच घेणं जमते. क्रोनो ट्रिगर घेऊ का फायनल फँटसी टेन? थे सांग." त्याच्याजवळ साधा अँड्रॉइड फोन आहे आणि बहिणीनं गेल्या वर्षी घेऊन दिलेला एक सेकंडहँड लॅपटॉप. गाव दारव्हा तालुक्यातलं, लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण हे दोन्ही व्हिडिओ गेम मला फार जवळचे आहेत आणि दोघांचं दुखणं वेगवेगळं आहे. ते समजल्याशिवाय निवड करू नये असं मला मनापासून वाटतं. आणखीही पोरं हाच प्रश्न विचारतात, म्हणून नीट लिहितो. कथेतले मोठे धक्के फोडणार नाही.

दोन्ही खेळ जपानच्या स्क्वेअर कंपनीचे. क्रोनो ट्रिगर १९९५ साली सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आला. फायनल फँटसी या खेळमालिकेचे जनक हिरोनोबु साकागुची, ड्रॅगन क्वेस्ट या दुसऱ्या खेळमालिकेचे युजी होरी आणि ड्रॅगन बॉल या कार्टूनचे चित्रकार अकिरा तोरियामा या एका खेळासाठी एकत्र आले होते. लहानपणी टीव्हीवर गोकू पाहिलेल्या कुणालाही यातले चेहरे पाहताक्षणी ओळखीचे वाटतील. फायनल फँटसी टेन २००१ साली प्लेस्टेशन टूवर आला. फायनल फँटसीच्या मुख्य मालिकेत पात्रं तोंडानं बोलू लागली ती याच भागापासून.

आधी क्रोनोची कथा. इसवी सन १००० मध्ये गार्डियाच्या राज्यात जत्रा भरलेली असते, क्रोनो नावाचा पोरगा आईनं उठवल्यावर तिथं जातो, आणि लुक्का या मैत्रिणीच्या यंत्रात बिघाड होऊन काळाचं दार उघडतं. तिथून पुढं ६०० साल, २३०० साल, इसवी सनापूर्वी १२,००० आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळ, असं जाणं-येणं सुरू होतं. १९९९ साली लाव्होस नावाचा प्राणी जमिनीतून वर येऊन जग जाळणार आहे, हे या पोरांना भविष्यात गेल्यावर कळतं. कुणी त्यांना हुकूम देत नाही. ती आपली आपणच ठरवतात की हे होऊ द्यायचं नाही.

२३०० सालातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. आभाळ काळवंडलेलं, घुमटाखाली थोडी माणसं उरलेली. तिथं एक यंत्र आहे. त्यात शिरलं की अंगात ताकद परत येते, पण खेळ लगेच सांगतो की भूक तशीच आहे. खाली अन्नाचा साठा आहे म्हणतात, म्हणून लढत लढत तिथवर जावं, तर थंड ठेवणारं यंत्र बंद पडून सगळं सडलेलं. एका मेलेल्या माणसाजवळ फक्त एक बी सापडतं. आपण वर येतो आणि ते बी त्या माणसांच्या म्हाताऱ्या म्होरक्याच्या हाती देतो. खायला काहीच नाही, पेरायला मात्र आहे. आमच्या आजीनं वाईटातल्या वाईट साली बियाण्याच्या गाडग्याला हात लावू दिला नव्हता. जपानमधल्या कुणाला हे कसं ठाऊक, असं पहिल्यांदा खेळताना वाटलं होतं.

अशीच दुसरी गोष्ट रोबोची, म्हणजे क्रोनोच्या सोबतच्या यंत्रमानवाची. ६०० साली फिओना नावाची बाई ओसाड पडलेल्या जमिनीवर जंगल उभं करू पाहते, पण एका माणसाच्या आयुष्यात ते काम पुरं होणारं नसतं. रोबो म्हणतो, मी थांबतो. आपण त्याला तिथं सोडतो, काळातून नेणाऱ्या यानात बसतो आणि १००० साली उतरतो. आपल्याला क्षणभर लागतो, त्याची चारशे वर्षं गेलेली असतात. जिथं वाळू होती तिथं हिरवं रान उभं असतं आणि रोबो बंद पडलेल्या अवस्थेत त्या रानातल्या देवळात ठेवलेला असतो. मित्र त्याला दुरुस्त करतात आणि त्या रात्री सगळे शेकोटीभोवती बसून बोलतात. हे सगळं मुख्य वाटेवर नाही, बाजूला आहे. घाई केली तर निसटतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

फायनल फँटसी टेनची गोष्ट या उलट आहे. टिडस हा झानारकंड शहरातला ब्लिट्झबॉल नावाचा पाण्यातला चेंडूचा खेळ खेळणारा पोरगा. सिन नावाचं अजस्र संकट शहरावर येतं आणि तो स्पिरा नावाच्या जगात जागा होतो. तिथले लोक सांगतात, झानारकंड तर हजार वर्षांपूर्वीच उद्ध्वस्त झालं. स्पिरात सिन पुन्हा पुन्हा येतो. कुणी त्याला हरवलं की काही वर्षं शांततेची जातात, मग तो परततोच. माणसं म्हणतात, हे आपल्याच पापाचं फळ आहे, पूर्वजांनी यंत्रांचा हव्यास केला म्हणून. लागोपाठ नापिकी झाली की पारावर कुणी ना कुणी "आपलंच कर्म" म्हणतो, तो सूर स्पिरातल्या गावागावात ऐकू येतो. आणि हा खेळ तो सूर तसाच सोडून देत नाही, प्रायश्चित्त कोण सांगतं आणि त्यात कुणाचा फायदा, हेही विचारतो.

युना नावाची मुलगी सिनला थांबवायला यात्रेला निघते. या मंदिरातून त्या मंदिरात, बहुतेक पायी, सोबत रक्षणाला जिवाभावाची माणसं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते तेव्हा वाटेवरच्या गावांत लोक कसे पुढं येतात ते ज्यानं पाहिलंय, त्याला युनापुढं हात जोडणारे ते गावकरी परके वाटणार नाहीत. फरक एवढाच की या यात्रेच्या शेवटी काय आहे हे टिडस सोडून सगळ्यांना माहीत असतं. तो हसतखेळत पुढच्या गावाचे बेत करत राहतो आणि बाकीचे गप्प राहतात. दुसऱ्यांदा खेळताना तेच साधे संवाद ऐकून घशात आवंढा येतो.

किलिका गावचा प्रसंग सुरुवातीलाच येतो. सिननं गाव उद्ध्वस्त केलेलं, प्रेतं पाण्यात ठेवलेली. युना अनवाणी पाण्यावर चालत जाते आणि मावळतीच्या उजेडात नाचते, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे इथं अडकून राक्षस होऊ नयेत. काठावर माणसं रडत असतात. टिडस मनात म्हणतो की हे पुन्हा पाहायला लागू नये. हा प्रसंग पाहून मन हललं नाही तर हा खेळ तुमचा नाही, खुशाल दुसरा घ्या.

आता लढाई. माझा आतेभाऊ आणि मी यावर इतक्या वेळा भांडलोय की दोन्ही बाजू मला पाठ आहेत.

क्रोनोमध्ये शत्रू ज्या जागी फिरत असतो तिथंच लढाई सुरू होते, वेगळा पडदा येत नाही. प्रत्येकाची एक पट्टी भरत जाते, भरली की वार करता येतो. शत्रू उभे कुठं आहेत याला महत्त्व आहे. क्रोनोची गिरकी जवळ जवळ उभ्या असलेल्यांना एकदम कापते, लुक्काची आग सरळ रेषेत जाते. खरी मजा जोडवारात. क्रोनो आणि त्याचा सोबती फ्रॉग दोघांच्या पट्ट्या भरल्या की दोन बाजूंनी एकदम तलवारी फिरतात, त्याला एक्स-स्ट्राइक म्हणतात. पण त्यासाठी ज्याची पट्टी आधी भरली त्याला हात आवरून थांबावं लागतं आणि तेवढ्यात शत्रू फटका देऊन जातो. शंकरपटात एक बैल कितीही तेज असला तरी जोडीदार मागं पडला की गाडी वाकडी जाते, तसंच हे आहे. थांबायचं की एकट्यानं मारून घ्यायचं, हा निर्णय दर काही सेकंदांनी. पुढं तिघांचे मिळूनही वार येतात. ज्यांना घाई नको त्यांनी सेटिंगमध्ये 'वेट' ठेवावं. मग तंत्र किंवा औषध निवडत असताना वेळ थांबतो.

फायनल फँटसी टेनमध्ये पट्टीच नाही. पडद्याच्या उजव्या बाजूला कुणाची पाळी कधी येणार त्याची रांग दिसते आणि तुम्ही विचार करत बसलात तरी कुणी हात उगारत नाही. लढाई चालू असताना माणूस बदलता येतो, आणि हीच त्यातली खुबी. युनाच्या सोबत्यांपैकी ज्याचं काम त्यानं करावं: उडणाऱ्यावर वाकाचा चेंडू, जाड कवचाच्या प्राण्यावर ऑरॉनची तलवार, चपळ जनावरावर टिडस, आणि फ्लॅन नावाच्या लिबलिबीत राक्षसावर लुलुची जादू. बोंडअळीवर मावा-तुडतुड्याचं औषध फवारून भागत नाही, तसं चुकीचा माणूस पुढं केला की पाळी वाया जाते. आतेभावाचं म्हणणं, "हे तं सोपं झालं, कोणाले काय लागते ते एकदा कळलं का संपलं." सुरुवातीच्या भागापुरतं ते खरं आहे. पण गागाझेत पर्वतावर सेमूर आणि पुढं युनालेस्का या बड्या शत्रूंशी गाठ पडते तेव्हा ती रांग वाचता न येणारा माणूस पाच मिनिटांत आडवा होतो. मी स्वतः युनालेस्कापुढं दोन रात्री घालवल्या.

मला हा खेळ मोठा वाटतो तो एका वेगळ्या कारणानं. युना एऑन नावाचे महाकाय जीव बोलावते. शत्रू मोठा वार करणार असं दिसलं की आपण एऑनला पुढं करतो. तो मार अंगावर घेतो, पडतो, आपली माणसं वाचतात. हळूहळू त्याची सवय लागते, त्यात काही वावगं वाटेनासं होतं. एऑन म्हणजे कोण, हे पुढं कथेत कळतं, आणि आपण इतके तास काय करत होतो ते मनाला टोचतं. लढाईचा डाव आणि कथेचं दुःख इतकं एकजीव झालेलं मी फार कमी खेळांत पाहिलंय.

टिडस आणि युना लुका शहरात मोठमोठ्यानं खोटं हसतात, त्या दृश्याची लोक टिंगल करतात. ते मुद्दाम ओढूनताणून हसतायत, रडू येऊ नये म्हणून. आधीचा संवाद नीट वाचला तर कुणालाही कळतं.

संगीतात मला निवड करवत नाही. क्रोनोचं बहुतेक यासुनोरी मित्सुदा यांचं, ते आजारी पडल्यावर नोबुओ उएमात्सु मदतीला आले. उएमात्सुंचीच पियानोवरची धून टेनच्या सुरुवातीला वाजते.

उणिवा दोन्हींत आहेत. टेनची वाट बराच वेळ नाकासमोर जाते आणि कथेची दृश्यं पुढं ढकलता येत नाहीत. मोठ्या लढाईत हरलात की तेच दृश्य पुन्हा पाहावं लागतं. क्रोनो स्वतः जवळजवळ बोलतच नाही, काहींना ते कोरडं वाटतं. मला मात्र त्यामुळं त्याच्या जागी उभं राहता आलं.

आता गावाकडच्या अडचणी. क्रोनो अँड्रॉइडवरही मिळतो आणि कॉम्प्युटरवरही. साधारण वीस-पंचवीस तासांत संपतो, आणि जगाच्या नकाशावर कुठंही सेव्ह करता येतो. रानडुकरांपायी रात्री जागलीला जाणाऱ्यानं मचाणावर अर्धा तास खेळून फोन खिशात टाकावा, इतका तो सुटसुटीत आहे. टेन फोनवर नाही. कॉम्प्युटरवर तो एक्स-टू या त्याच्या पुढच्या भागासोबत मिळतो आणि जागा लागते सुमारे ३७ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर उतरवायचा तर महिना जाईल, म्हणून यवतमाळला ज्याच्याकडे वायफाय आहे त्याच्या घरी लॅपटॉप नेलेला बरा. कथेलाच चाळीस तासांच्या वर लागतात. कॉम्प्युटरच्या आवृत्तीत ऑटो-सेव्ह आहे, लढाईचा वेगही वाढवता येतो, त्यामुळं लाइन गेली तरी सगळं पाण्यात जात नाही. इंग्रजी दोन्हीकडे वाचावी लागते. क्रोनोतली वाक्यं लहान आणि बटण दाबेपर्यंत थांबणारी आहेत. टेनमध्ये पात्रं बोलत पुढं जातात, खालच्या ओळी भराभर सरकतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या पोराला हा फरक जाणवतो, मला जाणवला होता.

भाच्याला मी क्रोनो घ्यायला सांगितलं, कारण त्याच्या हातात रोज अर्धा तास आहे आणि जागली अजून महिनाभर चालणार आहे. पण त्याची मोठी बहीण शिकायला नागपूरला आहे, खोलीवर वायफाय आहे, नाटक-कादंबरीत रमणारी पोरगी. तिनं विचारलं असतं तर मी टेनच सांगितला असता, आणि किलिकापर्यंत एका बैठकीत खेळ म्हणालो असतो.

भाच्याचा परवा पुन्हा फोन आला. खेळातल्या कोर्टात त्याच्यावर खटला चालला होता. जत्रेत त्यानं दुसऱ्याच्या डब्यातलं जेवण खाल्लं होतं आणि ज्युरीपुढं नेमकं तेच निघालं. "मामा, कोणी पाह्यलंच नव्हतं ना ते!"